प्रकल्प सगळ्यांचा, पण कागदावर कोणाचा?

तुमच्या ओपन सोर्स प्रकल्पाचं डोमेन आज कोणाच्या नावावर आहे? गिटहबवरच्या खात्याचा मालक कोण? ॲपला सही करण्याची किल्ली कोणाच्या लॅपटॉपमध्ये आहे? कोणी कौतुकाने पाचशे रुपये पाठवले, तर ते कोणाच्या फोनपेवर जातात? पुढचं वाचण्याआधी ही चार उत्तरं एका कागदावर लिहून काढा. चारही ठिकाणी एकच नाव आलं, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

मी मुख्यतः रामटेकच्या मुलामुलींना आणि त्यांच्या शिक्षकांना उद्देशून लिहितो आहे. त्याला कारण आहे. या एवढ्याशा गावात १९८५ पासून कविकुलगुरू तंत्रज्ञान व विज्ञान संस्था आहे आणि १९९७ पासून कवि कुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे. एकीकडे कोड लिहिणारी मुलं, दुसरीकडे पाणिनी आणि कोशवाङ्मय शिकणारी मुलं, आणि दोघं एकाच बसस्टँडवर उतरतात. संस्कृत-मराठी शब्दकोश, संधी सोडवून दाखवणारं साधन, हस्तलिखितांची सूची, देवनागरी शुद्धलेखन तपासनीस अशी कामं याच गावातून व्हावीत, आणि ती सगळ्यांना मोकळी असावीत, असं मला मनापासून वाटतं. अशी कामं सुरू होतात तेव्हा कोणी कागदपत्रांचा विचार करत नाही. चार जण जमतात, एकाच्या खात्यावर कोड ठेवतात, दुसऱ्याच्या कार्डावरून डोमेन घेतात. पुढे तिसरा पुण्याला नोकरीला लागतो, चौथ्याचं लग्न होतं, आणि डोमेनची मुदत संपल्याची सूचना कोणीच उघडत नसलेल्या ईमेलवर येऊन पडते.

लायसन्स निवडलं की काम झालं, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. जीपीएल, एमआयटी, अपाचे यांतलं कुठलंही लायसन्स लोकांना तुमचा कोड वापरायचा, बदलायचा आणि वाटायचा हक्क देतं. तिथे त्याचं काम संपतं. प्रकल्पाचं नाव कोण वापरू शकतो, पुढची आवृत्ती कोण काढणार, जमा झालेले पैसे कोण खर्च करणार, दोघांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा, यातल्या एकाचंही उत्तर लायसन्स देत नाही. हीच उत्तरं लिहून ठेवणं म्हणजे प्रकल्पाची कारभाराची घडी बसवणं. आणि ती उत्तरं कायद्यापुढे टिकावीत म्हणून नाव, पैसा आणि किल्ल्या ज्या संस्थेच्या ताब्यात द्यायच्या, ते प्रकल्पाचं कायदेशीर घर.

हे न ठरवल्यावर काय होतं ते मोठ्यांच्या उदाहरणात स्पष्ट दिसतं. ओपनऑफिस जगभर वापरलं जात होतं आणि त्यावर शेकडो स्वयंसेवक खपत होते. पण त्याचं नाव होतं सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीकडे. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि नावही त्या सौद्यात गेलं. कोड मुक्त असल्यामुळे स्वयंसेवक तो घेऊन बाहेर पडू शकले, पण नाव नेता आलं नाही. २८ सप्टेंबर २०१० ला त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा केली आणि लिबरऑफिस या नव्या नावाने काम पुढे नेलं. त्यांनी घर म्हणून जर्मन कायद्याखालचा न्यास निवडला, कारण तो सहजासहजी कोणाला विकत घेता येत नाही की बंद करता येत नाही. त्यासाठी लागणारं पन्नास हजार युरोंचं भांडवल लोकांनी आठ दिवसांत जमवून दिलं आणि २०१२ मध्ये बर्लिनला नोंदणी झाली. आज आपण मराठी मेन्यू असलेलं लिबरऑफिस वापरतो ते त्या न्यासाच्या छताखालचं. लोकांचा इतका पाठिंबा असलेल्या प्रकल्पालाही जुनं, ओळखीचं नाव सोडून शून्यापासून नवं नाव रुजवावं लागलं. आपल्या चार जणांच्या प्रकल्पाला ते झेपणार नाही.

पूर्व विदर्भातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आठवा. कोहळी समाजाने आणि गावोगावच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या बांधलेले, सांभाळलेले हे तलाव. पाणी कोणाला किती द्यायचं, पाळ कधी दुरुस्त करायची, गाळ कोणी काढायचा, याची गावात रीत ठरलेली होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारच्या नावावर झाले, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले, आणि राखणाऱ्या माणसांचा कारभारातला शब्द संपला. कागद एकाकडे आणि कष्ट दुसऱ्याकडे अशी फारकत झाल्यावर पुष्कळ तलाव गाळाने भरत गेले. ओपन सोर्स प्रकल्पातही राबणारा एक आणि कागदावरचा मालक दुसरा, अशी फारकत होऊ द्यायची नसते. घर निवडताना पहिली कसोटी हीच लावा: जे आज प्रत्यक्ष काम करतात, त्यांच्या हातात निर्णय राहतो का?

आता आपल्या कायद्याकडे येऊ. इथे थोडं थांबून नीट समजून घ्यायला हवं.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो. जो लिहितो तो पहिला मालक. पण नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल, आणि वेगळा करार नसेल, तर मालक नोकरी देणारा. म्हणजे एखाद्या प्राध्यापकाने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडवर संस्था हक्क सांगू शकते. विद्यार्थी मात्र नोकर नसतो, त्यामुळे त्याने लिहिलेलं सहसा त्याचंच, प्रवेशाच्या वेळी किंवा अनुदानाच्या कागदावर त्याने वेगळं काही सही करून दिलेलं नसेल तर. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून काम करत असतील तेव्हा पहिल्या महिन्यातच संस्थेच्या प्राचार्यांकडून किंवा कुलसचिवांकडून एक ना हरकत पत्र घ्या. या प्रकल्पातलं काम अमुक मुक्त लायसन्सखाली प्रसिद्ध होईल आणि त्याला संस्थेची हरकत नाही, एवढ्या दोन ओळी पुरतात. प्रकल्प लहान असताना हे पत्र सहज मिळतं. प्रकल्प गाजल्यावर तेच पत्र मागायला जाल, तर फाइल विधी सल्लागाराकडे जाते.

कंपनीत नोकरी करून रात्री कोड लिहिणाऱ्यांनी आपलं नियुक्तिपत्र काढून वाचावं. काही पत्रांत नोकरीच्या काळात केलेलं प्रत्येक काम कंपनीचं, असं कलम असतं. तिथेही लेखी परवानगी हाच उपाय.

दुसरी गोष्ट हक्क हस्तांतराची. काही प्रकल्प प्रत्येक योगदात्याकडून कॉपीराइट एका संस्थेच्या नावावर करून घेतात. आपल्या कायद्यात असं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ते फक्त पाच वर्षांपुरतं मानलं जातं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं, आणि वेगळं काही ठरलेलं नसताना घेणाऱ्याने वर्षभर तो हक्क वापरलाच नाही तर तो हक्क संपतो. इंटरनेटवरून उचललेला परदेशी नमुना तसाच सही करून ठेवणाऱ्यांनी ही तीन कलमं वकिलाकडून तपासून घ्यावीत.

माझं मत विचाराल तर आपल्या आकाराच्या प्रकल्पांनी हस्तांतराच्या वाटेला जाऊच नये. ज्याचा कोड त्याच्याकडेच कॉपीराइट राहू द्या. प्रत्येक योगदात्याने फक्त एवढं लिहून द्यावं की हे माझं आहे किंवा मला द्यायचा अधिकार आहे, आणि मी ते प्रकल्पाच्या लायसन्सखाली देतो आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये २००४ पासून हीच पद्धत आहे. प्रत्येक बदलाखाली योगदाता आपल्या नावाची एक ओळ जोडतो, तिला साइन्ड-ऑफ म्हणतात. यात एक मोठं संरक्षण आहे. पन्नास जणांकडे थोडाथोडा हक्क असला, आणि लायसन्स जीपीएलसारखं असलं, की उद्या कोणी एक जण उठून सगळा प्रकल्प बंदिस्त करू शकत नाही. याच्या उलट उदाहरण टेराफॉर्म या सॉफ्टवेअरचं. ते काढणाऱ्या हॅशिकॉर्प कंपनीने योगदात्यांकडून हक्कांचे करार करून घेतलेले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने लायसन्स बदलून टाकलं. नाराज लोकांनी आधीचा मुक्त कोड घेऊन ओपनटोफू सुरू केलं आणि ते लिनक्स फाउंडेशनकडे नेलं. तिथेही नाव कंपनीकडेच राहिलं.

म्हणून नावाची काळजी वेगळी घ्या. भारतात १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली नाव नोंदवता येतं. सॉफ्टवेअरसाठी वर्ग ९ आणि सेवेसाठी वर्ग ४२. अर्ज ऑनलाइन होतो, महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या नोंदणी कार्यालयाखाली येतात. व्यक्तीला एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये शुल्क आहे आणि संस्थांना नऊ हजार. शुल्क अर्धं म्हणून एकाच्या नावावर अर्ज करण्याचा मोह होतो, आणि तो मोह आवरावा. पैसे कमीच असतील तर वर्षभर थांबा, नाव सातत्याने वापरा, वापराचे पुरावे जपून ठेवा. घाईत कोणा एकाच्या नावावर नोंद झालेलं चिन्ह पुढे काढून घेणं फार कटू होतं, विशेषतः तो माणूस तुमचा मित्र असतो तेव्हा.

घरांचे पर्याय सांगतो. सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, कारण सगळे सारखे उपयोगाचे नाहीत.

पहिला पर्याय, काहीही न नोंदवण्याचा. प्रकल्प वर्षभराचा आहे, पैसे येत नाहीत, वापरणारे शंभर-दोनशे आहेत, तर हाच उत्तम. मात्र दोन पानांची नियमावली लिहा, किल्ल्या किमान तीन जणांकडे ठेवा, डोमेनचा पासवर्ड एकाच्या डोक्यात राहू देऊ नका, आणि कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर वर्गणी घेऊ नका. त्या वर्गणीवर त्या माणसाला प्राप्तिकराचे प्रश्न येऊ शकतात, आणि त्याहून वाईट म्हणजे मित्रांच्या मनात हिशेबाची शंका येते. नोंदणीच्या आधीचं हे एक वर्ष फार महत्त्वाचं असतं. कोण टिकतं, कोणाचं कोणाशी पटतं, कोण फक्त फोटोपुरता येतो, हे याच काळात कळतं, आणि विश्वस्त म्हणून कोणाची नावं लिहायची ते आपोआप ठरतं.

दुसरा पर्याय, आधीपासून असलेल्या संस्थेच्या छताखाली जाण्याचा. माझा कल सगळ्यात जास्त याच्याकडे आहे. परदेशात यासाठीच उभ्या राहिलेल्या संस्था आहेत. डेबियन ही लिनक्स प्रणाली सांभाळण्यासाठी १९९७ मध्ये स्थापन झालेली सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट आलेल्या देणग्यांतून पाच टक्के ठेवते, तर २००६ पासूनची सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी दहा टक्के ठेवते, आणि हिशेब, नाव, करार हे सगळं त्या पाहतात. आपल्या देशात फॉस युनायटेड ही कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची संस्था आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ईआरपीनेक्स्ट या मुक्त सॉफ्टवेअरभोवती जे फाउंडेशन उभं राहिलं त्यातूनच ती वाढली. ती प्रकल्पांना अनुदानं देते आणि शहरोशहरी कार्यकर्त्यांना एकत्र आणते. तिच्याशी ओळख करून घ्या. पण आपल्या आसपासही पाहा. विदर्भात चांगल्या हिशेबाच्या जुन्या संस्था कमी नाहीत. विदर्भ साहित्य संघ १९२३ साली स्थापन झाला आणि शंभरी ओलांडून चालू आहे. तुमच्या तालुक्यातलं एखादं सार्वजनिक वाचनालय, एखादी शिक्षण संस्था, एखादं भाषेचं काम करणारं मंडळ यांच्याकडे विश्वस्त आहेत, लेखापरीक्षण होतं, बँक खातं आहे. त्यांच्या घटनेतल्या उद्दिष्टांत शिक्षण किंवा ज्ञानप्रसार असेल तर मराठी-संस्कृत कोशाचा प्रकल्प त्यात बसू शकतो. त्यांच्या कार्यकारिणीचा ठराव घ्या, आणि सोबत तीन गोष्टी लिहून घ्या: प्रकल्पाच्या पैशाचं वेगळं खातेशीर्ष असेल, तांत्रिक निर्णय प्रकल्पाची समिती घेईल, आणि प्रकल्पाने दुसरीकडे जायचं ठरवलं तर नाव, डोमेन आणि उरलेले पैसे कायद्याला धरून तशाच दुसऱ्या संस्थेकडे दिले जातील.

ही तिसरी अट कधीही सोडू नका. छतही कोसळू शकतं. अमेरिकेतल्या ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनकडे शेकडो लहान गटांचा पैसा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने आपण बंद होत असल्याचं जाहीर केलं आणि त्या वर्षाअखेर प्रत्येकाला नवं घर शोधावं लागलं. ज्यांची कागदपत्रं नीट होती ते लवकर सुटले.

तिसरा पर्याय स्वतःची संस्था. महाराष्ट्रात बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा हाच येतो. सात जण जमवले की १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली अर्ज करता येतो, आणि धर्मादाय हेतू असला की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. नागपूरला त्यासाठी सहधर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. नोंदणी ही सुरुवात असते. दरवर्षी हिशेब तपासून दाखल करायचे. एखादा विश्वस्त बदलला, वारला किंवा त्याने राजीनामा दिला की नव्वद दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट द्यायचा. आपल्याकडच्या किती संस्था याच ठिकाणी अडकल्या आहेत ते गावातल्या कोणत्याही जुन्या कार्यकर्त्याला विचारा. दोन गट पडतात, दोन्ही गट आपापली कार्यकारिणी निवडून आपापला चेंज रिपोर्ट दाखल करतात, आणि निकाल लागेपर्यंत बँक सही मानायला तयार नसते. कोडमध्ये मतभेद झाले तर प्रत काढून वेगळं होता येतं. ट्रस्टमध्ये तसं होता येत नाही.

कलम ८ ची कंपनी दोन संचालकांवर उभी राहते, कागदपत्रं ऑनलाइन होतात आणि मोठे देणगीदार तिला ओळखतात. पण उत्पन्न शून्य असलं तरी दरवर्षी लेखापरीक्षण आणि विवरणपत्रं चुकत नाहीत, आणि उशीर झाला तर रोजचा दंड चढतो. ज्यांच्याकडे सीएला दरवर्षी द्यायचे पैसे नक्की आहेत, त्यांनीच हा मार्ग धरावा. प्राप्तिकरातली सूट आणि देणगीदाराला मिळणारी ८०जीची सवलत या दोन्ही नोंदण्या मुदतीच्या असतात, नूतनीकरण चुकलं की जातात. शिवाय सॉफ्टवेअरचं काम बहुधा शिक्षणात न धरता सामान्य लोकोपयोगी हेतूत धरलं जातं. तिथे व्यवसायासारखं उत्पन्न एकूण जमेच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त झालं तर त्या वर्षाची सूट धोक्यात येते. प्रशिक्षण शिबिरांची फी, कंपन्यांना दिलेली सेवा यांचे पैसे घेण्याआधी हा आकडा ध्यानात ठेवा.

चांगली माणसं असूनही कागदांनी कसं घेरलं जातं, त्याचा आपल्याच देशातला दाखला विकिमीडिया इंडियाचा. २०११ मध्ये बंगळुरात सोसायटी म्हणून नोंदलेली ही संस्था भारतीय भाषांतल्या विकिपीडियांसाठी काम करत होती. नियमांची पूर्तता होईना, आणि २०१९ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने तिची मान्यता काढून घेतली. मराठी विकिपीडिया मात्र चालूच राहिला. १ मे २००३ पासून लोकांनी लिहिलेला मजकूर मुक्त लायसन्सखाली होता, आणि नाव व सर्व्हर त्या सोसायटीवर अवलंबून नव्हते. म्हणूनच सांगतो: प्रकल्पाचा जीव एकाच कागदी संस्थेच्या गळ्यात बांधू नका. कोडच्या प्रती दोन-तीन ठिकाणी असू द्या, त्यातली एक तरी अशा जागी जिथे संस्था बंद पडली तरी लोकांना ती सापडेल.

परदेशातल्या पैशाबद्दल एक इशारा, कारण नागपूरकडची पुष्कळ घरं आता न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात आहेत. भारतीय पासपोर्ट असलेल्या भाच्याने आपल्या कमाईतून देणगी दिली तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी ठरते आणि परदेशी योगदान नियमन कायदा लागू होतो. त्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी लागते, त्या तीन वर्षांत उद्दिष्टांवर किमान पंधरा लाख रुपये खर्च झालेले लागतात, आणि पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे दुसऱ्या संस्थेला पुढे देताही येत नाहीत. नोंदणी नसताना ओळखीतल्या एखाद्या ट्रस्टच्या खात्यावर डॉलर मागवणं हा गुन्हा आहे. कोणी चांगुलपणाने सुचवलं तरी करू नका. आपल्या भाषेच्या कामासाठी आपली माणसं इथून रुपये देऊ शकतात, आणि परदेशातली माणसं वेळ देऊ शकतात. वेळेवर कोणताही कायदा आड येत नाही.

आता कारभार. इथे मला पायथॉनची व्यवस्था आवडते. २००१ पासून पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशन नाव आणि पैसा सांभाळतं. भाषेचे तांत्रिक निर्णय मात्र कितीतरी वर्षं तिचे निर्माते गिडो व्हान रॉसम यांच्या एकट्याकडे होते. जुलै २०१८ मध्ये ते त्या जागेवरून दूर झाले आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला पाच जणांची निवडून आलेली समिती आली. फाउंडेशन तिथेच होतं, म्हणून पैसा, नाव, परिषदा कशालाच धक्का लागला नाही. कायदेशीर घर आणि तांत्रिक निर्णय वेगवेगळ्या हातांत असण्याचा हा फायदा. त्या समितीचा एक नियम तर मला आपल्या प्रत्येक संस्थेच्या घटनेत हवा आहे: एकाच कंपनीचे दोनहून जास्त लोक समितीत बसू शकत नाहीत. आपण त्यात एकाच कुटुंबाचे आणि एकाच महाविद्यालयाचे हेही जोडावं. महाराष्ट्रात ट्रस्टचा घरगुती कारभार कसा होतो हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्यातून भाषेच्या कामाचं किती नुकसान झालं तेही पाहिलं आहे.

बाकीचे नियम साधे ठेवा. सहा महिने कोणताच सहभाग नसेल तर किल्ल्या परत, मान कायम. लायसन्स आणि नाव बदलण्याचा निर्णय साध्या बहुमताने नको, दोन-तृतीयांश हवं, आणि त्यासाठी किमान पंधरा दिवसांची उघडी सूचना हवी. पाच हजारांवरच्या प्रत्येक खर्चाला दोन सह्या. नवा माणूस समितीत कसा येतो हे अशा शब्दांत लिहा की पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीलाही वाचून कळेल की आपण तिथे पोचू शकतो. महाविद्यालयातल्या प्रकल्पांसाठी तर ही गोष्ट जिवाची आहे, कारण तिथे दर चार वर्षांनी सगळी माणसं बदलतात. शिक्षकांनी दर उन्हाळ्यात एक दिवस हस्तांतराचा ठेवावा: जाणाऱ्या तुकडीने किल्ल्या, पासवर्ड, हिशेब आणि अर्धवट राहिलेल्या कामांची यादी येणाऱ्या तुकडीच्या हातात द्यावी, आणि दोघांनी सह्या कराव्यात.

नागपूर, रामटेक, कामठीकडच्या सीए, वकील आणि निवृत्त बँक अधिकाऱ्यांनाही मला एक विनंती करायची आहे. या मुलांना तुमच्याकडून देणगी नको आहे. त्यांना घटनेतलं उद्दिष्टांचं कलम वाचून दाखवणारा माणूस हवा आहे, रोजकीर्द कशी ठेवायची हे एकदा बसून शिकवणारा हवा आहे, आणि ठराव कसा लिहितात ते दाखवणारा हवा आहे. महिन्यातून एक संध्याकाळ पुरे. ज्यांना कोड कळत नाही त्यांनीही यावं. विश्वस्त मंडळावर हिशेब विचारणारा आणि कोडच्या वादात न पडणारा एक तरी माणूस लागतोच. तुमच्या जवळच्या महाविद्यालयातल्या संगणक विभागाच्या प्रमुखांना एक चिठ्ठी लिहा, आपलं नाव, काम आणि कोणत्या वारी मोकळे असता ते कळवा.